निर्वासिताची कैफियत : संज्ञा, संहिता आणि वाचन

एक

'निर्वासित' ही संज्ञा मराठीत सर्वांच्या तोंडी झाली ती १९४७च्या फाळणीनंतर. सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत वसवली गेली, १९४९मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि त्यानंतरही दीर्घ काळ 'निर्वासित' हा शब्द एखाद्या जातिवाचक नामासारखा वापरला जात राहिला. व्याकरणाच्या अंगाने पाहता ते कर्मणी धातुसाधित आहे. कोणीतरी कोणाला तरी वासातून बाहेर काढले आहे. काढणारा मात्र शब्दात नाही. 'शरणार्थी' या हिंदीत रूढ असलेल्या शब्दाची घडण याच्या उलट आहे. त्यात मागे काय घडले याचा उल्लेख नाही. पुढे काय हवे आहे याचा आहे. शिवाय मराठीत 'शरण जाणे' म्हणजे हार पत्करणे, असा दुसरा अर्थ या शब्दाला चिकटलेला आहे. एक संज्ञा भूतकाळाकडे तोंड करून उभी आहे, तर दुसरी भविष्याकडे. आंतरराष्ट्रीय कायद्यातील निर्वासिताला या दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलावे लागते: मागे काय घडले ते सांगायचे, आणि ते अशा रीतीने सांगायचे की पुढचे दार उघडावे.

या बोलण्याला मराठीत एक नेमका शब्द उपलब्ध आहे. तो म्हणजे 'कैफियत'. अरबी 'कैफ' म्हणजे 'कसे'. त्यावरून कैफियत म्हणजे एखाद्या गोष्टीचे 'कसेपण', तिची हकिकत. मराठी ऐतिहासिक गद्यात बखरीच्या शेजारी कैफियतीचे स्थान आहे आणि न्यायालयीन मराठीत प्रतिवादीच्या लेखी म्हणण्याला आजही कैफियतच म्हणतात. बखर आणि कैफियत या दोन्हींत गतगोष्टी सांगितल्या जातात. परंतु कैफियत ही विचारल्यावरून दिलेली असते. तिच्यामागे सत्तेचा एक प्रश्न असतो, तो प्रश्नच तिची रचना ठरवतो, आणि तिच्या शेवटी रसास्वाद नसून निवाडा असतो. विसाव्या शतकात निर्वासितांच्या संरक्षणासाठी ज्या आंतरराष्ट्रीय संस्था आणि करार उभे राहिले, त्यांनी छावण्या, शिधा आणि प्रवासपत्रे यांच्याबरोबरच कैफियतीचा एक जागतिक प्रकार निर्माण केला. हा प्रकार कसा वाचला जातो आणि निर्वासितांनीच लिहिलेल्या साहित्याने त्या वाचनाला कोणते प्रश्न विचारले आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे.

दोन

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्यवस्थेत कैफियतीला फारसे स्थान नव्हते. राष्ट्रसंघाने १९२१मध्ये फ्रिड्यॉफ नान्सेन यांची निर्वासितांसाठी उच्चायुक्त म्हणून नेमणूक केली आणि १९२२पासून 'नान्सेन पासपोर्ट' या नावाने ओळखले जाणारे प्रमाणपत्र रशियन निर्वासितांना मिळू लागले. पुढे १९२४मध्ये ते आर्मेनियनांनाही लागू झाले. येथे निर्वासित ठरण्यासाठी व्यक्तीने विशिष्ट समूहातील असणे आणि तिला कोणत्याही राज्याचे संरक्षण उरलेले नसणे पुरेसे होते. तिच्यावर व्यक्तिशः काय गुदरले, याची विचारणा मूलभूत नव्हती. या व्यवस्थेच्या मर्यादा लवकरच उघड झाल्या. १९३८च्या जुलैत एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जर्मनी आणि ऑस्ट्रियातील ज्यूंच्या प्रश्नावर विचार करण्यासाठी जमले. सहानुभूती पुष्कळ व्यक्त झाली, दारे मात्र बहुतेकांनी उघडली नाहीत. याच वर्षी नान्सेन यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, हा योगायोग इतिहासाने नोंदवून ठेवला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचे कार्यालय १ जानेवारी १९५१ रोजी सुरू झाले आणि २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे निर्वासितांच्या दर्जाविषयीचा करार संमत झाला. या कराराची व्याख्या ही एक संहिता म्हणून वाचण्याजोगी आहे. तिच्या केंद्रस्थानी 'भीती' आहे. परंतु ती सुस्थापित, म्हणजे सकारण असावी लागते. ही भीती छळाची असावी लागते, आणि तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणाने झालेला वा होऊ घातलेला असावा लागतो. ती व्यक्ती स्वतःच्या देशाबाहेर असली पाहिजे. शिवाय मूळ करारात घटना १ जानेवारी १९५१पूर्वीच्या असल्या पाहिजेत अशी कालमर्यादा होती आणि त्या केवळ युरोपातील घटना मानण्याची मुभा राज्यांना होती. १९६७च्या पुरवणी कराराने ही कालमर्यादा दूर केली.

या व्याख्येने केलेले एक स्थित्यंतर साहित्याच्या अभ्यासकाच्या ध्यानात चटकन येईल. समूहाच्या जागी व्यक्ती आली, आणि घटनेच्या जागी घटनेविषयीची मनःस्थिती आली. एका अर्थाने निर्वासित हा आता नायक झाला: त्याला अंतरंग आहे, त्या अंतरंगात भय आहे, आणि त्या भयाला बाह्य वास्तवात कारण आहे. अंतरंग आणि बाह्य परिस्थिती यांची कार्यकारणसंगती ही युरोपीय वास्तववादी कादंबरीची मूलभूत मागणी होती. तीच मागणी आता कायद्याने केली. दुष्काळाने, पुराने, उपासमारीने वा धरणाने उठवलेला माणूस या कथेचा नायक होऊ शकत नाही, कारण त्याच्यामागे छळणारा खलपुरुष दाखवता येत नाही. फाळणीत इकडून तिकडे गेलेले एक कोटीहून अधिक लोकही या चौकटीत बसत नव्हते, कारण सीमा ओलांडताच त्यांना नव्या राज्याचे नागरिकत्व मिळणार होते. भारत या करारात सामील झालेला नाही, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. आफ्रिकी एकता संघटनेच्या १९६९च्या कराराने आणि लॅटिन अमेरिकेतील १९८४च्या कार्ताहेना जाहीरनाम्याने ही व्याख्या बाह्य आक्रमण, सर्वत्र माजलेला हिंसाचार अशा कारणांपर्यंत रुंदावली. म्हणजे जेथे लोंढ्याने माणसे पळतात तेथील अनुभवाने मूळ संहितेला दिलेली ती पुरवणी होती.

असे असले तरी १९५१च्या कराराचे मोल कमी लेखता येणार नाही. त्याच्या ३३व्या कलमाने, ज्या भूमीत जिवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे निर्वासिताला परत धाडता येणार नाही, असे बंधन राज्यांवर घातले. आश्रय ही राजाची कृपा होती. परत न धाडणे हे आता राज्याचे कर्तव्य झाले. पुढील विवेचनात या व्यवस्थेवर जे आक्षेप येतील ते हे कर्तव्य गृहीत धरूनच येतील.

तीन

कर्तव्य कोणाप्रती आहे हे ठरवण्यासाठी कैफियत ऐकावी लागते, आणि येथे वाचनाचा प्रश्न सुरू होतो. उच्चायुक्तांच्या कार्यालयाने १९७९मध्ये दर्जा ठरवण्याच्या कार्यपद्धतीविषयी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. ती अनेक बाबतींत समंजस आहे. पळून आलेला माणूस बहुधा कागदपत्रांविना येतो, हे तिला ठाऊक आहे. पुराव्याची जबाबदारी एकट्या अर्जदारावर टाकता येणार नाही आणि संशयाचा फायदा त्याला मिळावा, असे ती सांगते. मात्र हा फायदा मिळण्यासाठी त्याचे निवेदन सुसंगत आणि संभवनीय असावे, सर्वज्ञात वस्तुस्थितीशी ते विसंगत नसावे, अशी अट तीत आहे.

सुसंगती आणि संभवनीयता या कसोट्या समीक्षकाला परक्या नाहीत. ॲरिस्टॉटलपासून संभवनीयता हा कथानकविचाराचा गाभा राहिला आहे. परंतु ॲरिस्टॉटलने ती कसोटी काव्यासाठी सांगितली होती, इतिहासासाठी नव्हे. प्रत्यक्षात जे घडते ते पुष्कळदा असंभवनीय असते. म्हणूनच तर काव्याला संभवनीयतेची निवड करावी लागते. निर्वासिताच्या बाबतीत ही विभागणी उलटी होते. ज्याने खरे घडलेले सांगायचे त्याच्याकडून काव्याच्या सुघटिततेची अपेक्षा केली जाते, आणि जे सुघटित नाही ते खोटे ठरण्याचा धोका निर्माण होतो. आघाताची स्मृती तुटक असते, तिला तारखा धरवत नाहीत, ती एकच प्रसंग दोन वेळा दोन तऱ्हांनी सांगते. अशा निवेदनातील खंड हा सत्याचाही पुरावा असू शकतो. उलट दलालाकडून पाठ करून घेतलेली कथा निर्दोष असू शकते.

यात अनुवादाचीही भर पडते. कैफियत एका भाषेत बोलली जाते, दुभाषी ती दुसऱ्या भाषेत आणतो, अधिकारी तिचे टिपण करतो. निवाडा या टिपणाचा होतो. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर निवेदक, अनुवादक आणि लेखनिक हे तिघे भिन्न असूनही संहितेची सगळी जबाबदारी एकट्या पहिल्यावर टाकली जाते.

शरण आलेल्याच्या बोलण्याचे प्रामाण्य तपासण्याची एक प्राचीन चर्चा भारतीय परंपरेत आहे. रामायणाच्या युद्धकांडात बिभीषण समुद्र ओलांडून येतो तेव्हा वानरसेनेत सल्लामसलत होते. सुग्रीव त्याला हेर समजतो. कोणी हेर पाठवून तपास करावा असे सुचवतो. हनुमान त्याच्या बोलण्यावरून आणि मुद्रेवरून तो दुष्ट वाटत नाही असे अनुमान करतो. आजच्या निर्णयाधिकाऱ्यांच्या साऱ्या पद्धती येथे हजर आहेत: पूर्वग्रह, चौकशी आणि देहबोलीचे वाचन. रामाचा निर्णय मात्र यांपैकी कोणत्याही वाचनावर आधारलेला नाही. अभय मागणाऱ्याला अभय देणे हे त्याचे व्रत आहे. बिभीषण खरा की खोटा, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. येथे कसोटी लागते ती शरण देणाऱ्याची. अर्थात ही उदारता एका पुरुषाच्या व्रतावर उभी होती आणि व्रत नसलेल्या राजाकडून ती मागण्याची सोय नव्हती. आधुनिक कायद्याने व्रताचे विधीत रूपांतर केले. त्या रूपांतरात कसोटी शरण येणाऱ्याकडे सरकली, हे त्याचे मोल म्हणून चुकवावे लागले.

चार

तथापि जगातील बहुसंख्य निर्वासितांना कोणी कैफियत विचारतच नाही. १९७१मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली तेव्हा प्रत्येकाच्या भीतीची छाननी करणे अशक्य होते आणि अनावश्यकही होते. त्याआधी, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. तीही समूह म्हणूनच स्वीकारली गेली होती. कैफियतीच्या जागी येथे गणती येते. नाव, कुटुंबातील माणसे, तंबूचा क्रमांक आणि शिधा यांचे हे लेखन आहे. २०२४च्या अखेरीस जगभरात सक्तीने विस्थापित झालेल्यांची संख्या १२ कोटी ३२ लाख असल्याचे उच्चायुक्त कार्यालयाने नोंदवले आहे, आणि त्यांतील बहुतेकांशी जगाचा संबंध या दुसऱ्या लेखनप्रकारातूनच येतो.

पॅलेस्टिनी निर्वासितांचे उदाहरण या दृष्टीने वेगळे आहे. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४९च्या ठरावाने स्वतंत्र मदतसंस्था स्थापन केली आणि तिचे काम मे १९५०मध्ये सुरू झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्य यंत्रणेकडून साहाय्य मिळणाऱ्यांना १९५१चा करार वगळतो. त्यामुळे या समूहाचे बहुतांश लोक त्या कराराच्या कक्षेबाहेर राहिले. मदतसंस्थेची व्याख्या भीती विचारत नाही. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात पॅलेस्टाईनमध्ये नेहमीचे वास्तव्य असणे, आणि १९४८च्या संघर्षात घर व उपजीविका ही दोन्ही गमावणे, एवढ्यावर ती उभी आहे. एका संहितेत अंतरंगाला स्थान आहे, तर दुसरीत दोन तारखा आणि दोन गोष्टींचा अभाव आहे. पहिलीतील माणसाला फार बोलावे लागते. दुसरीतील माणसाला बोलण्याचे कारणच उरत नाही.

घसान कनाफानी या दुसऱ्या संहितेतून आलेला लेखक आहे. १९३६मध्ये अक्का येथे जन्मलेला कनाफानी १९४८मध्ये कुटुंबासह बाहेर पडला, दमास्कसमध्ये निर्वासित मुलांना त्याने शिकवले, आणि ८ जुलै १९७२ रोजी बैरुतमध्ये मोटारीतील स्फोटात तो मारला गेला. 'चोरलेला सदरा' या त्याच्या १९५८च्या कथेत छावणीतील एक बाप भर पावसात तंबूभोवती चर खणत आहे. मुलासाठी सदरा घ्यावा एवढीच त्याची इच्छा आहे. शेजारी त्याला मदतसंस्थेच्या गोदामातील पिठाची पोती विकण्याच्या धंद्यात ओढू पाहतो. या धंद्यात पहारेकऱ्याबरोबर एक परदेशी अधिकारीही सामील आहे. शिधावाटप लांबणीवर का पडते याचा उलगडा बापाला या बोलण्यातून होतो आणि त्याच्या हातातील फावडे शेजाऱ्यावर पडते.

या कथेचे वाचन भ्रष्टाचाराची कथा म्हणून करणे सोपे आहे. ते अपुरे आहे. कथेचा खरा विषय गणतीतून निर्माण झालेला काळ हा आहे. शिध्याचा दिवस पुढे ढकलला जातो, यावाचून या माणसाच्या जीवनात काळाचे दुसरे माप उरलेले नाही. मदत त्याला जगवते, आणि मदतीचा दिवस हाच त्याचा इतिहास होतो. कनाफानीने मदतसंस्थेचा निषेध म्हणून एखादे भाषण पात्राच्या तोंडी घातलेले नाही. ज्या माणसाकडून कैफियत कधी मागितलीच गेली नाही त्याच्या हातून घडलेले कृत्य त्याने समोर ठेवले आहे. त्या कृत्याचे समर्थन वा निंदा न करता वाचकाला त्याच्या 'कैफ'पर्यंत, कसेपणापर्यंत नेणे हे या कथेचे सामर्थ्य होय.

पाच

कनाफानीची 'उन्हातील माणसे' ही १९६३मध्ये प्रसिद्ध झालेली लघुकादंबरी कैफियतीच्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडते. अबू कैस, असद आणि मरवान हे तीन वेगवेगळ्या वयांचे पॅलेस्टिनी बसऱ्याहून कुवेतला चोरून जाऊ पाहतात. अबुल खैझुरान हा टँकरचालक त्यांना रिकाम्या पाण्याच्या टाकीत लपवून सीमा पार करून देण्याचे कबूल करतो. पहिल्या नाक्यावर ते वाचतात. दुसऱ्या नाक्यावर चालकाला उशीर होतो आणि तिघेही टाकीत गुदमरून मरतात. प्रेते शहराबाहेरच्या उकिरड्यावर टाकून, त्यांच्या खिशातील पैसे आणि मरवानचे घड्याळ काढून घेतल्यावर चालकाच्या मनात एक प्रश्न उसळतो: त्यांनी टाकीच्या भिंतीवर धडका का मारल्या नाहीत?

या प्रश्नाचे प्रचलित वाचन रूपकात्मक आहे. पॅलेस्टिनी जनतेने निमूटपणे मरण का पत्करले, असा राजकीय आरोप त्यात पाहिला जातो; १९४८च्या युद्धात पौरुष गमावलेला चालक हे पराभूत नेतृत्वाचे प्रतीक मानले जाते. हे वाचन निराधार नाही. परंतु त्याने कादंबरीच्या रचनेकडे दुर्लक्ष होते. पहिल्या तीन प्रकरणांना तिघांचीच नावे आहेत. प्रत्येक प्रकरणात एकाची पूर्वकथा स्मृती आणि वर्तमान यांच्या सरमिसळीतून उलगडते: अबू कैसची हरवलेली जमीन, असदचा पूर्वीचा प्रवास, ज्यात त्याला वाटेत सोडून दिले गेले होते, मरवानचा बाप, ज्याने सिमेंटच्या छताच्या घरासाठी एक पाय गमावलेल्या बाईशी लग्न करून पहिल्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडले. या तीन संपूर्ण कैफियती आहेत. मात्र त्या ऐकतो तो केवळ वाचक. कथेतील दलाल भावाची घासाघीस करतो. चालक वेळेचा हिशोब सांगतो. त्यांची हकिकत पुसण्याची गरज कोणालाच भासत नाही.

कादंबरीत एकच हकिकत आग्रहाने मागितली जाते, ती दुसऱ्या नाक्यावर. तेथील अधिकारी चालकाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी बसऱ्यातील एका नर्तकीशी असलेल्या त्याच्या कल्पित संबंधांची रसभरीत कहाणी ऐकू इच्छितो. टाकीत तीन माणसे मरत आहेत आणि कचेरी कथेची मागणी करत आहे. कचेरीला कथेचे वावडे नाही, हे कनाफानीने येथे दाखवून दिले आहे. तिला तिच्या आवडीची कथा हवी आहे.

अशा रचनेत शेवटचा प्रश्न ठेवला असता त्याचा अर्थ पालटतो. 'धडका का मारल्या नाहीत' हा प्रश्न, ऐकणारा कोणीतरी बाहेर होता, असे गृहीत धरतो. कादंबरीने तर तसा ऐकणारा कोठेच दाखवलेला नाही. तौफिक सालेह याने १९७२मध्ये या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटात हे गृहीतक उघडे पाडले आहे. चित्रपटातील माणसे आतून धडका मारतात. नाक्यावरच्या वातानुकूलन यंत्रांच्या घरघरीत त्या ऐकू जात नाहीत. अनेकांनी हा बदल राजकीय आशावादाचा मानला आहे. परंतु तो कादंबरीचा विपर्यास नसून तिचे मर्मग्राही वाचन आहे, असे म्हणता येईल. प्रश्न बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे वळवला गेला आहे, आणि तो वळवण्याची तजवीज मूळ संहितेतच होती.

सहा

बेहरूझ बूचानी या इराणी कुर्द लेखकाचे पुस्तक याच प्रश्नाची आजच्या काळातील आवृत्ती आहे. समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियात आश्रय मागण्यास आलेल्या बूचानीला २०१३मध्ये पापुआ न्यू गिनीतील मानुस बेटावर ठेवण्यात आले. येथे एक तपशील सांगितला पाहिजे: १९५१चा करार १९५४मध्ये अमलात आला तो ज्या सहाव्या देशाच्या स्वीकृतीमुळे, तो देश ऑस्ट्रेलिया होता. पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये ही स्थानबद्धता बेकायदा ठरवली, तरी बूचानी २०१९पर्यंत तेथेच होता. या काळात त्याने मोबाइलवर फारसीत लहान लहान संदेश लिहून पाठवले. ओमीद तोफिघियान याने त्यांचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०१८मध्ये ते पुस्तकरूपाने आले. जानेवारी २०१९मध्ये त्याला ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च वाङ्मयीन पुरस्कार मिळाला. नागरिकत्वाच्या वा कायम वास्तव्याच्या नेहमीच्या अटीला त्यासाठी अपवाद करण्यात आला. लेखक मात्र पुरस्कार घेण्यासाठी त्या देशात पाऊल टाकू शकत नव्हता. पुढे २०२०मध्ये न्यूझीलंडने त्याला आश्रय दिला.

हे पुस्तक कैफियतीच्या प्रत्येक संकेताला नकार देते. त्यात गद्य आणि पद्य यांची सीमा पाळलेली नाही. 'मला का पळावे लागले' याचे सुसूत्र निवेदन त्यात मध्यवर्ती नाही. मध्यवर्ती आहे ती तुरुंगाची यंत्रणा: रांगा, उष्मा, जनित्र, वाट पाहायला लावण्याचे शास्त्र. यंत्रणा माणसांना क्रमांकाने ओळखते. बूचानी त्यांना टोपणनावे देतो. ज्याने उत्तरे द्यायची तो येथे प्रश्न करणाऱ्या व्यवस्थेचेच वर्णन करू लागतो. साक्षीदार अभ्यासक होतो. अनुवादकाचे स्थानही पालटते. मुलाखतीतील दुभाषी अदृश्य असतो. येथे अनुवादक आपल्या सहभागाची उघड चर्चा करतो आणि संहिता अनेकांच्या हातांतून घडली आहे हे ग्रंथच सांगतो.

तरीही एक अवघड प्रश्न उरतो. तोच माणूस, तीच भाषा, तोच अनुभव. राज्यातील एक संस्था त्याला सर्वोत्कृष्ट साहित्य म्हणून वाचते आणि त्याच देशाची दुसरी व्यवस्था वाचण्यास नकार देते. यावरून साहित्याचा विजय झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ज्यांना असे पुस्तक लिहिता येत नाही त्यांचे काय? भाषेच्या अपवादात्मक सामर्थ्यावर आश्रयाचा हक्क अवलंबून राहिला, तर कायद्याच्या सुसंगतीच्या कसोटीपेक्षा ही कसोटी अधिक निर्दय होईल. वाङ्मयीन गुणवत्ता हा संरक्षणाचा आधार होऊ शकत नाही. साहित्य फार तर एवढे दाखवू शकते की वाचनाची दुसरी रीत शक्य आहे.

सात

समीक्षाविचारात निर्वासिताची संकल्पना तीन वाटांनी आली आहे. हॅना आरेन्ट हिने १९४३च्या लेखात आणि पुढे १९५१च्या ग्रंथात, राज्याचे सदस्यत्व गेले की मानवी हक्कांचा आधारच कसा निखळतो, हे दाखवले. ती स्वतः १९३७ ते १९५१ या काळात कोणत्याही देशाची नागरिक नव्हती. एडवर्ड सईद यांनी १९८४च्या निबंधात परागंदा आणि निर्वासित यांत भेद केला: परागंदेच्या भोवती एकाकी आत्मिकतेचे वलय असते, तर निर्वासित म्हटले की तातडीच्या मदतीची गरज असलेला भांबावलेला समुदाय डोळ्यांपुढे येतो. जॉर्जो अगाम्बेन याने १९९०च्या दशकात निर्वासिताला राष्ट्रराज्याच्या मर्यादा उघड करणारी सीमासंकल्पना मानले आणि छावणीतील जीवनाला नग्न जीवन म्हटले.

या तिन्ही विचारांचे ऋण मान्य करूनही त्यांच्या उपयोजनाविषयी सावध राहणे आवश्यक आहे. सईदांनी भेद नोंदवला तो टीकेच्या हेतूने. परंतु समीक्षेच्या व्यवहारात तो भेद श्रेणी बनला. परागंदा लेखकाला चरित्र आणि शैली मिळाली, निर्वासिताला आकडेवारी. अगाम्बेनच्या संकल्पनेत छावणीतला माणूस इतका निःशब्द होतो की त्याने भरवलेली शाळा, लिहिलेला अर्ज, काढलेला मोर्चा आणि केलेला दावा यांना जागाच उरत नाही. कनाफानी आणि बूचानी यांनी मोडून काढलेली निःशब्दता सिद्धान्ताच्या वाटेने परत येते. मराठीपुरते बोलायचे तर साठोत्तरी समीक्षेत परात्मतेची संज्ञा रूढ झाली तेव्हा आधुनिक माणूस हा मुळातच निर्वासित आहे, अशा अर्थाची विधाने सहज होऊ लागली. घर शाबूत असलेल्या माणसाच्या अस्वस्थतेला हे नाव देताना ज्याचे घर खरोखर गेले त्याची संज्ञा उसनी घेतली जाते, याचे भान त्यात नसते.

याउलट मराठी समीक्षेजवळ एक अधिक उपयोगी अनुभव आहे. १९७८मधील 'बलुतं'नंतर दलित आत्मकथनांविषयी जो वाद झाला, त्यात ही लेखने साहित्य आहेत की समाजशास्त्रीय दस्तऐवज, असा प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला. निवेदनातील विस्कळीतपणा कोणी दोष म्हणून दाखवला, कोणी अस्सलपणाची खूण मानली. ते वाद संपूर्ण सुटले नाहीत. पण साक्ष आणि कलाकृती ही विभागणी ज्याची साक्ष कधी मागितली गेली नव्हती त्याला जाचक ठरते, एवढे त्यांतून स्पष्ट झाले. दलित आत्मकथन आणि निर्वासिताची कैफियत यांच्या परिस्थिती भिन्न आहेत. पहिले न विचारता, विरोध पत्करून लिहिले गेले. दुसरी विचारल्यावरून, भीतीखाली दिली जाते. परंतु दोन्हींच्या वाचनात वाचकाच्या हाती असलेली सत्ता सारखीच आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की समीक्षकाला संदिग्धता परवडते, निर्णयाधिकाऱ्याला नाही. त्याला सायंकाळपर्यंत होय किंवा नाही असे लिहायचे असते, आणि खोट्या दाव्यांची शक्यताही त्याला नाकारता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे. समीक्षेने निवाड्याची जागा घ्यावी, असे येथे सुचवायचे नाही. सुचवायचे आहे ते इतकेच की निर्णयाधिकारी ज्या कसोट्या लावतो त्या साहित्यविचाराच्या घरातून गेलेल्या आहेत, आणि त्या कसोट्यांच्या मर्यादा सांगण्याची जबाबदारी साहित्यविचाराला टाळता येत नाही. सुसंगती हा रचनेचा गुण आहे, सत्याचे लक्षण नव्हे. खंड, पुनरुक्ती आणि मौन यांना निवेदनात अर्थ असतो. अनुवादित टिपण म्हणजे मूळ उच्चार नव्हे. समीक्षेच्या वर्गात ही विधाने प्राथमिक समजली जातात. जेथे एखाद्या माणसाचे परत धाडले जाणे किंवा न जाणे त्यांवर ठरते, तेथे ती प्राथमिक राहत नाहीत.

कैफियत हा वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यासला जावा, तो यासाठी. ऐतिहासिक कैफियती वाचताना अभ्यासक त्यांतील मजकुराबरोबरच त्या कोणी, कोणाच्या हुकमावरून, कोणता हक्क शाबीत करण्यासाठी लिहिल्या याचा विचार करतो. त्यांतील चुकीच्या शकामुळे तो साऱ्या दस्तऐवजाला बनावट ठरवत नाही. बखरींच्या अभ्यासात जी वाचनशिस्त कमावली गेली, ती जिवंत माणसाच्या कैफियतीला नाकारण्याचे कारण दिसत नाही. कनाफानीच्या कादंबरीतील टाकी बाहेरून उघडावी लागते. तिच्यातील माणसे गप्प का राहिली, हे विचारण्यापूर्वी नाक्यावर त्या वेळी काय ऐकले जात होते, याचा शोध घेणे हे वाचकाचे पहिले काम आहे.